नवीन मेल आला तरी कॉम्प्युटर सांगत नाही? कुठून बघायला सुरुवात करायची

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतली टॉवेल-चादरीची युनिटं, युनिफॉर्म शिवणारे गारमेंटवाले, नवी पेठेतली दोन-तीन सीएची ऑफिसं, एवढ्यांचे कॉम्प्युटर मी बघतो आणि बाकीच्या तक्रारी येतात-जातात पण एक तक्रार काही हटत नाही. "सर, मेल येतोय ओ, पण आला म्हणून सांगतच नाही." ऐकायला किरकोळ वाटतं, पण टॉवेल एक्स्पोर्ट करणाऱ्याला विचारा. इकडे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा जर्मनीत दुपारचे दीड-अडीच झालेले असतात, म्हणजे तिकडचा बायर ऐन कामात असतो, तो रंगाचा सॅम्पल पास केल्याचा मेल टाकतो, आपल्याकडे कोणाला पत्ता नाही, रात्री डाईंगला लागायचा लॉट लागत नाही आणि एक दिवस गेला. असा गेलेला दिवस मी जवळून बघितलाय म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवतोय. थंडरबर्ड आणि जुनं म्हणजे क्लासिक आउटलुक हे दोन प्रोग्रॅम धरलेत, कारण मी जातो तिथं हेच जास्त असतात, आणि विंडोज १० किंवा ११.

आधी लक्षणं. तुमचं यातलं कुठलं ते ओळखा:

- कोपऱ्यात पॉपअप नाही, आवाज नाही, पण प्रोग्रॅम समोर घेतला की मेल येऊन बसलेला असतो, ठळक अक्षरात.
- आवाज येतो पण पॉपअप नाही, किंवा पॉपअप येतो पण आवाज नाही.
- काही जणांच्या मेलचा अलर्ट येतो, ठरावीक पार्टीचा मात्र कधीच नाही.
- सकाळी बरोबर चालतं, जेवणानंतर गप्प, आणि प्रोग्रॅम बंद करून उघडला की दहा-पंधरा मेल एकदम पडतात.
- मालकाच्या फोनवर मेल आलेला असतो, कॉम्प्युटरवर अर्ध्या तासानं.
- दोन-तीन दिवस काहीच नाही, आणि कोणीतरी फोन करून विचारतं, मेल बघितला का.

आधी एवढंच ठरवा: मेल येत नाही, का आला हे कळत नाही?

हे दोन वेगळे आजार आहेत आणि लोक इथंच चुकतात. मेल आलेलाच नसतो आणि माणूस तासभर आवाजाच्या सेटिंगमध्ये फिरत असतो, नाहीतर मेल व्यवस्थित येत असतो, नुसती घंटी बंद असते आणि कोणीतरी अख्खं अकाउंट काढून परत टाकतं. त्यामुळे पंधरा-वीस मिनिटांची एक चाचणी करा, खर्च शून्य.

दुसऱ्या कोणाच्या तरी मेलवरून तुमच्या अकाउंटला एक मेल पाठवा. स्वतःच्याच पत्त्यावरून स्वतःला नको, काही सर्व्हिस असा मेल वेगळ्या पद्धतीनं हाताळतात आणि चाचणीच फसते. ज्या ज्या फोनवर हेच अकाउंट आहे ते सगळे फोन तेवढ्यापुरते एअरप्लेन मोडवर टाका, कारण पुढं सांगतो. मेल प्रोग्रॅम चालू ठेवा पण समोर नको, मिनिमाइज करून एक्सेल किंवा टॅली उघडा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा, बटण काही दाबू नका.

आता बघा. मेल आपोआप यादीत आला पण पॉपअप नाही, तर दोष घंटीचा, म्हणजे विंडोज किंवा प्रोग्रॅमचं सेटिंग. 'गेट मेसेजेस' किंवा आउटलुकमध्ये एफ ९ दाबल्यावरच आला, तर प्रोग्रॅम स्वतःहून सर्व्हरकडे वेळेवर विचारत नाहीये. बटण दाबूनही नाही पण ब्राउझरमध्ये वेबमेल उघडलं तर तिथं आहे, तर लॉगिन किंवा कनेक्शन तुटलंय. आणि वेबमेलमध्येच नाही, स्पॅममध्येही नाही, तर तुमच्या कॉम्प्युटरला हात लावायचं कारणच नाही, दोष त्याच्या अलीकडे नाही पलीकडे आहे. तिथं पहिल्यांदा जागा बघा. जीमेलची फुकटची १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून असते, मालकाच्या फोनमधले लग्नाचे व्हिडिओ त्याच अकाउंटवर चढत असतील तर ती भरते आणि मग नवीन मेल पाठवणाऱ्याकडेच परत जातो. नाताळच्या आधीच्या ऑर्डरच्या दिवसांत एका युनिटला असं झालेलं, सगळे इंटरनेटवाल्याला दोष देत होते.

ही चाचणी केल्याशिवाय पुढचं वाचू नका, खरंच सांगतो, निम्मा वेळ वाचतो.

मेल येतोय, घंटी वाजत नाही

सगळ्यात सोपं आधी. प्रोग्रॅम चालू आहे का? कोपऱ्यातल्या फुलीवर दाबलं की प्रोग्रॅम बंद होतो, मग अलर्ट कोण देणार. फोनची सवय असल्यामुळं लोकांना वाटतं बंद केलं तरी नोटिफिकेशन येतील. एका ऑफिसात अकाउंट बघणाऱ्या ताई टॅली हळू चालतंय म्हणून दर वेळी मेल बंद करायच्या, त्यांची चूक काहीच नव्हती, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मिनिमाइज करायचं, आणि सकाळी विसरायला होत असेल तर प्रोग्रॅमचा शॉर्टकट विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकून ठेवायचा.

दुसरं, विंडोजचं 'डू नॉट डिस्टर्ब', विंडोज १० मध्ये त्याला 'फोकस असिस्ट' म्हणतात. हे मी दुसऱ्या नंबरला ठेवलंय कारण मी सोडवलेल्या केसेसमध्ये सगळ्यात जास्त वेळा हेच निघालंय. ११ मध्ये घड्याळाशेजारी झोपेची खूण असलेली घंटी दिसते, १० मध्ये नोटिफिकेशनच्या चिन्हावर चंद्रकोर. दिसली तर क्लिक करून बंद करा, झालं. पण खरी गोम अशी की हे आपोआपही चालू होतं. सेटिंग्ज, सिस्टिम, नोटिफिकेशन्स इथं जाऊन बघा (१० मध्ये फोकस असिस्टचं पान वेगळं आहे), तिथं आपोआप चालू होण्याच्या अटींची यादी असते: ठरावीक वेळात, स्क्रीन डुप्लिकेट करत असताना, गेम चालू असताना, फुल स्क्रीनमध्ये ॲप असताना. ऑफिसात गेम कोण खेळतंय, पण डुप्लिकेट स्क्रीन आणि फुल स्क्रीन या दोन अटी आपल्याकडं रोज लागतात.

एका टॉवेलवाल्या मालकांच्या केबिनमध्ये टेबलाच्या दोन्ही बाजूंना स्क्रीन आहेत, एक त्यांच्याकडे तोंड करून, एक समोर बसणाऱ्या पार्टीकडे, म्हणजे डिझाइन दाखवताना मान वळवायला नको. चांगली सोय. ती दुसरी स्क्रीन बसवली त्या दिवसापासून अलर्ट बंद. तीन आठवड्यांत तो कॉम्प्युटर फॉरमॅट करायची दोनदा बोलणी झाली, मी गेलो तेव्हाही आधी आवाज बघितला, प्रोग्रॅम बघितला, सगळं बरोबर. मग सहज केबल हलली, पलीकडची स्क्रीन गेली आणि त्याच क्षणी कोपऱ्यात दोन पॉपअप आले. डुप्लिकेट स्क्रीन म्हणजे विंडोजला वाटतं तुम्ही कोणाला तरी प्रेझेंटेशन देताय, मधेच खासगी मेल दिसायला नको म्हणून ते गप्प बसतं. त्याच्या जागी ते बरोबर आहे, आपल्या जागी चूक. ती एक टिक काढली, संपलं. ज्या कॉम्प्युटरवर सीसीटीव्ही फुल स्क्रीन लावून ठेवतात तिथं फुल स्क्रीनची टिक काढा.

तिसरं, त्याच पानावर खाली ॲपची यादी असते. त्यात तुमचा मेल प्रोग्रॅम शोधा आणि त्याच्यावर क्लिक करून आत जा, नुसतं बाहेरचं बटण चालू आहे एवढ्यावर थांबू नका. आत 'बॅनर दाखवा', 'नोटिफिकेशन सेंटरमध्ये दाखवा' आणि 'आवाज करा' असं वेगवेगळं असतं. बॅनर बंद आणि सेंटर चालू असेल तर अलर्ट आत साठत राहतात, समोर येत नाहीत. ११ मध्ये विंडोजचं बटण आणि एन, १० मध्ये विंडोजचं बटण आणि ए दाबून बघा, तिथं ढीग पडलेला दिसला तर हेच कारण. आणि याच्याशी जोडून एक, बॅनर मुळात पाचच सेकंद थांबतो. माणूस मागं वळून फाईल काढेपर्यंत गेला. ११ मध्ये ॲक्सेसिबिलिटी, व्हिज्युअल इफेक्ट्स इथं, १० मध्ये ईझ ऑफ ॲक्सेस, डिस्प्ले इथं ही वेळ वाढवता येते, ५ मिनिटांपर्यंत. ज्यांची सारखी उठबस असते त्यांच्याकडे मी ३० सेकंद ठेवतो.

चौथं, प्रोग्रॅमचं स्वतःचं सेटिंग. थंडरबर्डमध्ये सेटिंग्ज, जनरल, त्यात 'इनकमिंग मेल्स' असा भाग आहे, तिथं 'शो ॲन अलर्ट' आणि 'प्ले अ साउंड' या दोन टिका. तिथंच विंडोजचं नोटिफिकेशन वापरायचं का थंडरबर्डचा स्वतःचा पॉपअप वापरायचा हेही निवडता येतं, एक चालत नसेल तर दुसरा करून बघायला काही खर्च नाही. आउटलुकमध्ये फाईल, ऑप्शन्स, मेल, 'मेसेज अरायव्हल', तिथं 'डिस्प्ले अ डेस्कटॉप अलर्ट'. हे सेटिंग पहिलं बघायचं सोडून चौथं का, तर विंडोजनं तोंड दाबलेलं असेल तर इथं टिक असून उपयोग नाही, आणि टिक दिसली की माणूस समाधान करून घेतो.

आवाजाचं पटकन सांगतो. स्क्रीनला एचडीएमआय केबल लावली की विंडोज कधी कधी आवाज स्क्रीनकडे पाठवतं आणि त्या स्क्रीनला स्पीकरच नसतो, खालच्या स्पीकरवर क्लिक करून आवाज कुठं चाललाय ते बघा. व्हॉल्यूम मिक्सरमध्ये सिस्टिमचा आवाज शून्यावर नाही ना. थंडरबर्डमध्ये कोणी वेगळी आवाजाची फाईल लावली असेल आणि ती फाईल नंतर डिलीट झाली असेल तर काहीच वाजत नाही. आणि ऑफिस मागाच्या शेडला लागून असेल तर आवाजाच्या मागे लागूच नका. मी एकदा तासभर घालवल्यावर कळलं की आवाज पहिल्यापासून येत होता, मागाच्या खडखडाटात ऐकू येत नव्हता, दुपारी लाईट गेली, माग थांबले, यूपीएसवर कॉम्प्युटर चालू होता आणि टिंग ऐकू आलं. तिथं पॉपअपच कामाचा.

फोननं आधी वाचला

मघाशी फोन बाजूला ठेवायला सांगितलं ते यासाठी. आयमॅप अकाउंटमध्ये मेल सर्व्हरवर एकच असतो, फोन आणि कॉम्प्युटर दोघं तोच बघतात. मालकांनी फोनवर उघडला की सर्व्हरवर 'वाचला' अशी खूण होते आणि मग कॉम्प्युटर त्याला नवीन मानत नाही, अलर्ट देत नाही. बिघाड काहीच नाही. पण ऑफिसात त्याचा परिणाम वाईट होतो, मालकांना वाटतं ऑफिसनं बघितला असेल, ऑफिसला आलेलाच कळत नाही. यावर सेटिंग नाही, बोलून ठरवायला लागतं. ऑर्डरचा मेल फोनवर उघडला तर परत 'अनरीड' करायचा, किंवा ऑर्डरसाठी वेगळा पत्ता काढायचा जो फोनवर नसेल.

मेल भलत्याच फोल्डरमध्ये उतरतोय

"ठरावीक पार्टीचा अलर्ट येत नाही" असं असेल तर जवळजवळ नेहमी हेच. कोणीतरी कधीतरी फिल्टर किंवा रूल लावलेला असतो की अमुक बायरचा मेल अमुक फोल्डरमध्ये टाक. चांगल्या हेतूनं लावलेला असतो, लावणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. क्लासिक आउटलुकचा डेस्कटॉप अलर्ट मुळात मुख्य इनबॉक्ससाठी असतो, रूलनं दुसरीकडे हलवलेल्या मेलचा येत नाही. त्यासाठी त्याच रूलमध्ये 'डिस्प्ले अ डेस्कटॉप अलर्ट' ही क्रिया जोडायला लागते. थंडरबर्डमध्ये वेगळी गोष्ट. फिल्टर सर्व्हरवर लागला असेल, म्हणजे जीमेलच्या वेबवर वगैरे, तर मेल इनबॉक्सला न शिवता थेट आतल्या फोल्डरमध्ये जातो आणि थंडरबर्ड इनबॉक्स सोडून बाकीची फोल्डरं आपणहून तपासत नाही, तुम्ही त्या फोल्डरवर क्लिक केलं की मग मेल दिसतात. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथं नवीन मेल आणताना हे फोल्डर नेहमी तपास अशा अर्थाची एक टिक आहे, ती लावा. प्रत्येक फोल्डरला वेगळी लावायला लागते, कंटाळवाणं आहे पण एकदाच.

आता हे जरा लक्ष देऊन वाचा. फिल्टर बघताना असा एखादा रूल सापडला जो ऑफिसात कोणीच लावलेला नाही, ज्यात पेमेंट, इनव्हॉइस, बँक असे शब्द आहेत, जो मेल आर्काइव्हमध्ये किंवा आउटलुकमधल्या 'आरएसएस फीड्स'सारख्या कोणी न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये ढकलतो, किंवा अनोळखी पत्त्यावर फॉरवर्ड करतो, तर तो बिघाड नाही. अकाउंटमध्ये कोणीतरी घुसलंय. ही माणसं मेल गुपचूप वाचतात, तुमच्या बायरशी तुमच्या नावानं बोलतात आणि "आमचं बँक अकाउंट बदललंय" म्हणून पैसे दुसरीकडं वळवतात, आणि बायरचे उत्तराचे मेल तुम्हाला दिसू नयेत म्हणून हा रूल. अलर्ट येत नाही ही तक्रार इथं एकमेव खूण असू शकते. असं दिसलं तर पुढची एकही पायरी करू नका. त्या रूलचा स्क्रीनशॉट घ्या, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदला, टू-स्टेप (पासवर्डसोबत फोनवर कोड किंवा परवानगी मागणारं लॉगिन) चालू करा, सगळीकडून लॉगआउट करा, बायरला फोन करून सांगा, मेल नको, फोन. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला बँक आणि १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर, उद्या बघू म्हणायचं नाही.

बटण दाबलं तरच येतो

पहिलं बघा, प्रोग्रॅम ऑफलाइन तर नाही. आउटलुकमध्ये सेंड/रिसीव्ह टॅबवर 'वर्क ऑफलाइन' दाबलेलं असतं, थंडरबर्डमध्ये खाली डावीकडं छोटं चिन्ह असतं. चुकून क्लिक होतं, कोणाच्या लक्षात राहत नाही.

मग वेळ. थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्ज, सर्व्हर सेटिंग्ज, तिथं दर किती मिनिटांनी मेल बघायचा ते असतं, मुळात १० मिनिटं. आउटलुकमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एस दाबलं की ती खिडकी येते, तिथं मुळात ३० मिनिटं असतात. फोनवर लगेच आणि कॉम्प्युटरवर अर्ध्या तासानं, हे लक्षण असेल तर ते ३० बघा. ५ करा. १ करू नका, सर्व्हर सारखं ठोठावणाऱ्याला काही वेळा थांबवतो.

आयमॅपमध्ये याच्याशिवाय एक सोय असते, तिला आयडल म्हणतात, १९९७ पासूनची आहे. पोस्टाची पेटी दर दहा मिनिटांनी जाऊन बघणं आणि पोस्टमननं दारात येऊन हाक मारणं यात जो फरक तोच. आयडलमध्ये प्रोग्रॅम एक लाइन उघडी ठेवून बसतो आणि मेल आला की सर्व्हर त्या लाइनवर हाक मारतो. थंडरबर्डमध्ये सर्व्हरला लगेच कळवू द्या अशी एक टिक आहे, ती हीच. पॉप अकाउंटमध्ये, म्हणजे मेल सर्व्हरवरून उतरवून कॉम्प्युटरवर ठेवायच्या जुन्या पद्धतीत, ही सोय नाहीच, तिथं पेटीच बघायला लागते.

"सकाळी बरोबर, दुपारनंतर गप्प" हे इथून येतं. आपल्याकडे उन्हाळ्यात लाईट दोन मिनिटं जाते, इन्व्हर्टर चढतो, कॉम्प्युटर यूपीएसवर चालू राहतो पण राउटर मात्र बंद होऊन चालू होतो. इंटरनेट परत येतं, ब्राउझर चालतो, सगळ्यांना वाटतं सुरळीत आहे. पण ती आयडलची उघडी लाइन मेलेली असते आणि प्रोग्रॅमला ते लगेच कळत नाही, तो कान लावून बसलेला, पलीकडं कोणीच नाही. कॉम्प्युटर स्लीपमधून उठला की तेच. काही राउटर तर गप्प असलेली लाइन थोड्या वेळानं स्वतःच तोडतात. यावर दोन उपाय: राउटरलाही यूपीएस किंवा त्याचा छोटा मिनी यूपीएस लावा, आणि आयडल चालू असलं तरी वर सांगितलेली ५ मिनिटांची तपासणी बंद करू नका. हाक नाही आली तरी पेटी बघितली जाते. हे दोन केल्यापासून दुपारचे फोन मला खूप कमी येतात.

एकच अकाउंट चार-पाच कॉम्प्युटरवर असेल तर अजून एक. जीमेल एका अकाउंटला एका वेळी आयमॅपची १५ कनेक्शन देतं. थंडरबर्ड मुळात एका अकाउंटसाठी ५ पर्यंत उघडतो. तीन कॉम्प्युटर झाले, १५ संपली, चौथा बाहेर उभा, आणि फोन अजून मोजलेच नाहीत. मग आज या टेबलावर अलर्ट येत नाही, उद्या त्या टेबलावर, असा फिरता त्रास सुरू होतो आणि जो तो आपला कॉम्प्युटर खराब म्हणतो. सर्व्हर सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्ड दाबून तो आकडा प्रत्येक कॉम्प्युटरवर २ करा.

वेबमेलमध्ये आहे, इथं येतच नाही

पासवर्ड मागणारी खिडकी मागं दडलीय का बघा, सगळ्या खिडक्या मिनिमाइज करून. जुनं अकाउंट असेल तर साधा पासवर्ड आता चालत नाही, जीमेलनं पर्सनल अकाउंटला ते ३० मे २०२२ पासून बंद केलं आणि आउटलुक डॉट कॉमनं १६ सप्टेंबर २०२४ ला. थंडरबर्डच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये लॉगिनची पद्धत 'ओऑथ २' करा, ब्राउझरसारखी खिडकी येते, तिथं लॉगिन करा.

मग घड्याळ. हसू नका, तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपला रात्री भिंतीचं मेन बटण बंद करून जायची आपल्याकडे पद्धत, त्यामुळं मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल लवकर उतरतो, सकाळी तारीख कित्येक वर्षं मागं गेलेली असते, सर्व्हरचं सर्टिफिकेट त्या तारखेला जुळत नाही आणि सुरक्षित कनेक्शन होत नाही. तारीख दुरुस्त करून चालू झालं आणि दुसऱ्या दिवशी परत तेच, तर सेल बदला. चहा-नाश्त्याच्या पैशात येतो.

इथून पुढं बॅकअप घेतल्याशिवाय नाही

वरचं सगळं झालं आणि तरी नाही, तर थंडरबर्ड शिफ्ट दाबून धरून उघडा, ट्रबलशूट मोडमध्ये जातो, ॲड-ऑन बंद होतात. आउटलुक कंट्रोल दाबून धरून उघडा, सेफ मोड. तिथं अलर्ट आला तर एखादं ॲड-ऑन आडवं येतंय, एकेक बंद करून बघा. ॲन्टिव्हायरस मेल तपासत असेल तर त्याचं फक्त मेल स्कॅन तात्पुरतं बंद करून एक चाचणी मेल, मग परत चालू. थंडरबर्डमध्ये फोल्डरची यादी बिघडली असेल, म्हणजे वाचलेले मेल न वाचलेले दिसतात, आकडा चुकतो, तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रिपेअर फोल्डर' आहे. आउटलुक ज्यात मेल साठवतं ती पीएसटी फाईल किती मोठी झाली तेही बघा, मुळात ५० जीबीची मर्यादा असते, तिथं पोचली की नवीन मेल घेत नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो, अकाउंट डिलीट करून परत टाकायचा उपाय घरी करू नका. आयमॅप असेल तर एकवेळ चालेल, मेल सर्व्हरवर असतात. पॉप असेल तर बऱ्याचदा मेल फक्त त्याच कॉम्प्युटरवर असतात. एका गारमेंटवाल्यांकडं घरातल्याच मुलानं मदत म्हणून अकाउंट काढलं, काढताना मेसेजचा डेटाही काढायचा का अशी टिक होती, त्यानं ती लावली. आठ वर्षांचे शाळांचे ऑर्डर, मापं, रेट, सगळं गेलं. मी पोचलो तेव्हा नवीन अकाउंट टाकून झालं होतं, त्यावर सकाळपासून मेल उतरत होते आणि जुनी जागा भरत चालली होती. त्यातलं थोडं मिळालं, बरंचसं नाही. अलर्ट मात्र वाजत होता.

तेव्हा थांबायचं कुठं ते स्पष्ट सांगतो. अकाउंट पॉप आहे आणि बॅकअप नाही, तर थांबा. पीएसटी ५० जीबीच्या जवळ आहे किंवा उघडताना एरर देते, थांबा, रिपेअरचं टूल मूळ फाईलवर चालवू नका. हार्डडिस्कमधून टकटक आवाज येतोय, तर कॉम्प्युटर बंदच करा. मेल कंपनीच्या हेड ऑफिसच्या सर्व्हरवर आहे, तर तिथल्या आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय सर्व्हर सेटिंगला हात नको. आणि कोणी न लावलेला रूल सापडला, तर वर सांगितलंय तसं.

माणूस बोलावताना त्याला चार गोष्टी सांगा: चाचणीत काय निघालं, आयमॅप का पॉप, कधीपासून, आणि त्या सुमारास ऑफिसात काय नवीन आलं, स्क्रीन, राउटर, विंडोजचं अपडेट, नवीन माणूस, काहीही. तो येईपर्यंत ब्राउझरमध्ये वेबमेल उघडं ठेवा आणि दर तासाला कोणीतरी हातानं बघायचं, नाव ठरवून. एक्स्पोर्टवाल्यांनी संध्याकाळी सहा ते आठ तर नक्की.